लघाटेकाकांच्या गाडीचा क्लच

त्या वर्षी बाबा रविवारी घरात नसत. नसत म्हणजे कुठे लांब जात असंही नाही. रस्ता ओलांडला की समोर लघाट्यांचं क्वार्टर, तिथल्या अंगणात जांभळीखाली ते असत, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या जाळीतून त्यांची बनियन घातलेली पाठ मला दिसायची. पाठ दिसायची आणि हसू ऐकू यायचं. माझे बाबा हसतात, मोठ्यानं हसतात, हे मला त्या वर्षी कळलं, आणि तेही दुसऱ्याच्या अंगणातून.

आमच्या घरात बाबांचा आवाज कामापुरता असे. कारखान्यात ते फोरमन होते, दिवसभर यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलावं लागे म्हणून असेल, पण भोंगा झाला, सायकल व्हरांड्यात टेकली, की त्यांचं बोलणं संपायचं. ‘पाणी दे.’ ‘पंखा कमी कर.’ ‘आज आमटीला चिंच जास्त झालीय.’ एवढंच. आई सातारची, तोंडाने फटकळ. ती एकटी दोघांचं बोलायची. बरखेड्याच्या त्या कारखान्याच्या वसाहतीत डावीकडे सक्सेना, उजवीकडे केरळचं एक कुटुंब, मागे सरदारजी, त्यामुळे रविवारी सकाळी चार घरांच्या फोडण्यांचा वास एकत्र होऊन आमच्या न्हाणीघरापर्यंत यायचा. आईला तो आवडत नसे. ती मुद्दाम खसखस भाजायला घ्यायची, आपला वास वरचढ व्हावा म्हणून.

लघाटेकाका बाबांच्याच खात्यात होते आणि बाबांचे एकुलते एक मित्र होते. मूळचे उज्जैनचे. गोल चेहरा, पानाने लाल झालेले दात, आणि सतत काहीतरी सांगत असणारा माणूस. त्यांच्याकडे दोन सायलेन्सरांची जुनी मोटारसायकल होती. रविवारी काका पुढे, बाबा मागे, असे दोघे मोठ्या तलावावर जायचे आणि दुपारी जेवायला परत यायचे. तिथे काय बोलायचे कोण जाणे. थंडीच्या सुरुवातीला एके दिवशी संध्याकाळी बाजारातून भाजी घेऊन येताना काकांच्या छातीत कळ आली आणि घरापर्यंत पोचायच्या आधीच ते गेले. बाबा तेव्हा रडले नाहीत. तेराव्यापर्यंत रोज समोर जाऊन बसायचे आणि परत यायचे. मग काकांच्या जागी रजनीला कारखान्यात घेतलं.

रजनी त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. आम्ही कॉलेजला एकाच बसने जायचो. ती कॉलेज सोडून नकाशे उतरवण्याच्या खात्यात लागली, आणि मी बी. ए.ची पुस्तकं घेऊन बसथांब्यावर एकटी उभी राहू लागले. तिचं मराठी ऐकून आईचे कान दुखायचे. “मी तर मम्मीला बोलून दिलं,” असं ती म्हणाली की आई लगेच, “बोलून दिलं काय गं? सांगितलं म्हण.” रजनी हसायची आणि पुढचं वाक्य आणखी हिंदी करून बोलायची. नोकरी लागल्यावर काही दिवसांनी तिने पप्पांच्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली, रस्ता ओलांडून आमच्या व्हरांड्यात आली आणि बाबांना म्हणाली, “काका, मला गाडी शिकवा. मी याच गाडीने कारखान्यात जाणार.”

बाबा नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या काळी आमच्या वसाहतीत बायका लुनासुद्धा चालवत नव्हत्या, मोटारसायकल कुठली. पण बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि चपला पायात सरकवल्या.

मग सुरू झालं ते. हॉकीच्या मैदानावर बाबा तिच्या गाडीबरोबर पळायचे. माझे बाबा, जे बस सुटत असली तरी पळत नसत! रजनीने गाडी बंद पाडली की ओरडायचे, मग हसायचे, मग दोघं खाली बसून इंजिनकडे बोट दाखवून काहीतरी बोलत राहायचे. मी मैदानाच्या कठड्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे आणि एकच पान वाचत राहायचे. मला तेव्हा काय वाटायचं ते आज इतक्या वर्षांनी लिहितानाही नीट सांगता येत नाही. तिचे वडील गेलेले, माझे वडील धडधाकट. तिच्यावर जळायचं म्हणजे किती हलकी गोष्ट, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नाही. भाजलेल्या जागेला कुणी ‘तू भाजायला नको होतंस’ असं सांगितल्याने आग कमी होते का?

आणि जळणारी मी एकटी नव्हते, हे मला हळूहळू दिसू लागलं. सक्सेनाबाई कुंपणावरून आईला म्हणाल्या होत्या, “भाईसाहब तो आजकल वहीं रहते हैं।” सहज म्हणाल्या की मुद्दाम, देव जाणे. त्या दिवसापासून आई समोरच्या घराकडे बघेनाशी झाली. लघाटेकाकूंनी वाटीभर काहीतरी पाठवलं तर ती वाटी रिकामी परत जायला नको म्हणून साखर घालून पाठवायची, पण माझ्या हाती. स्वतः जायची नाही. रविवारी पोळ्या झाल्या की तवा आपटून म्हणायची, “विजू, जा, बोलाव त्यांना. घरी जेवायचंय की तिथंच, ते विचार.” मी रस्ता ओलांडायचे, फाटकाशी उभी राहून “बाबा, जेवायला” असं म्हणायचे. बाबा लगेच उठायचे, नळावर हात धुवायचे आणि माझ्यामागून मुकाट्याने यायचे. रस्ता ओलांडताना त्यांचा आवाज कुठेतरी मागे पडून जायचा.

गाडी मात्र नीट चालेना. मैदानावर ठीक होती, चढ आला की इंजिन जिवाच्या आकांताने ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी, वर जळका वास. बाबांनी केबल ताणून पाहिली, ढिली करून पाहिली. शेवटी म्हणाले, क्लच गेला, आतल्या प्लेटा बदलायला हव्यात. लघाटेकाकूंना तेवढंच निमित्त मिळालं. आधीच त्यांना मुलीने गाडी चालवणं पसंत नव्हतं. मिसरोदचा कुणी माणूस गाडी विकत घ्यायला तयार होता, तो येत्या रविवारी संध्याकाळी बघायला येणार होता. काकू म्हणाल्या, “रविवारपर्यंत चढ चढली तर ठेवून घे. नाही चढली, तर बेटा, जाऊ दे. पप्पांची म्हणून किती दिवस घरात उभी करून ठेवायची?”

शनिवारी बाबा कारखान्यातून परस्पर जिन्सीच्या बाजारात गेले आणि नव्या प्लेटा घेऊन आले. त्या रात्रभर तेलात बुडवून ठेवायच्या असतात म्हणे. आमच्या घरातलं एक पातेलं त्यासाठी समोर गेलं. आईने ते जाताना पाहिलं आणि काही बोलली नाही. आई काही बोलली नाही, हे आमच्या घरात फार मोठं बोलणं होतं.

त्या रविवारी बारा वाजून गेले. मटकीची उसळ झाली, कोशिंबीर झाली, पोळ्या गार झाल्या. आईने या खेपेला तवा आपटला नाही. नुसती म्हणाली, “जा.”

मी गेले. अंगणात वर्तमानपत्रं पसरलेली, काकूंच्या जुन्या परातीत काळं तेल काढलेलं, गाडी एका अंगावर कलती करून जांभळीला टेकवलेली. डाव्या बाजूचं झाकण उघडून आतलं सगळं दिसत होतं. रजनीने कामाला वडिलांचा जुना शर्ट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत. दोघांची डोकी त्या भोकाशी एकत्र. मी “बाबा, जेवायला” म्हणणार तोच बाबांनी वर न बघता हात मागे केला आणि म्हणाले, “दहाचा पाना.”

मी सगळ्यात जवळ होते. वाकून पाना उचलला, त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो लावून पाहिला, बसेना. “हा बाराचा,” म्हणाले. तेवढ्यात रजनीने न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून दुसरा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. बाबा म्हणाले, “शाब्बास.” मला ते शाब्बास अजून ऐकू येतं. मला परीक्षेत पहिला वर्ग मिळाला तेव्हा बाबा ‘बरं झालं’ म्हणाले होते.

मी जेवायला बोलवायचं विसरले आणि तिथेच पायरीवर बसले. जावंसंही वाटेना आणि राहवेनाही. रजनी एकेक स्प्रिंग दाबून धरत होती, बाबा स्प्रिंगेवरची टोपी सोडवून ती बाहेर काढत होते. दुसरी की तिसरी स्प्रिंग निघाली तेव्हा तिच्याखालून एक पातळ पत्र्याची चकती टपकन खाली वर्तमानपत्रावर पडली. मग पुढच्या स्प्रिंगखालून आणखी एक.

“हे काय?” बाबा म्हणाले. त्यांनी चकती उचलली, बनियनला पुसली आणि उन्हात धरली. कात्रीने कापलेली, कडा वेड्यावाकड्या. एका बाजूला पिवळा रंग आणि हिरव्या पानाचा एक तुकडा.

लघाटेकाकू दारात उभ्या होत्या. त्या एकदम खाली आल्या. “अरे देवा! हे तर माझ्या तुपाच्या डब्याचं झाकण! मी सगळं घर धुंडाळलं होतं. मला म्हणाले, मांजर घेऊन गेलं असेल.”

“मांजर!” बाबा म्हणाले, आणि हसायला लागले. “मला म्हणाला, नवा क्लच टाकलाय. मी दहादा सांगितलं होतं, लघाटे, प्लेटा झिजल्यात, बदल. तर एक दिवस येऊन सांगतो, बदलला यार, बघ कशी पळतेय. आणि याने काय केलंय, स्प्रिंगांखाली हे पत्रे सारून त्यांना जोर आणलाय. डब्याचं झाकण कापून!” ते हसत राहिले. रजनी हसत होती, काकू पदर तोंडाशी धरून हसत होत्या. आणि मग बाबांचं हसणं कुठेतरी अडकलं. चकती हातात तशीच धरून ते खाली बसले आणि रडायला लागले. आवाज न करता नव्हे. हुंदके देऊन, लहान मुलासारखं. काकांच्या चितेजवळ न रडलेला माणूस.

मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही नाही. आणि खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. मला वाटलं, ह्यांचं हसू इथलं, ह्यांचं रडूही इथलंच. आमच्यासाठी घरी काय येतं? त्या क्षणी मी रजनीवरच नाही, मेलेल्या लघाटेकाकांवरही जळत होते.

बाबा उठून नळाकडे गेले, तोंडावर पाणी मारत राहिले. काकू त्यांच्यासाठी टॉवेल आणायला आत गेल्या. अंगणात आम्ही दोघीच. माझ्या तोंडून निघून गेलं, “तुला बरं आहे गं. आमच्या घरी यांचा आवाजसुद्धा कुणाला ऐकू येत नाही.”

रजनी स्प्रिंग पुसत होती. ती थांबली. माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं आता ही काहीतरी फेकून मारणार.

“मला बरं आहे?” ती म्हणाली. “विजू, तू दर संडेला येतेस. फाटकाजवळ उभी राहतेस. आत पण येत नाहीस. एकदा म्हणतेस, बाबा जेवायला. आणि ते उठून जातात. हातातलं स्क्रू पण पूरा फिरवत नाहीत, तसाच सोडून जातात. मी इथे बसून राहते ही उघडी गाडी घेऊन, आणि तुम्ही दोघं रस्ता पार करता ते बघते. तू मागे वळून पण बघत नाहीस की ते येतायत की नाही. तुला माहीतच असतं. मी कुणाला बोलावू जेवायला? बोल ना.” तिचा आवाज चढला नव्हता. तेल लागलेल्या मनगटाने तिने नाक पुसलं, नाकावर काळा पट्टा उठला. “तू जळतेस माझ्यावर, मला दिसतं. मी तुझ्यावर किती जळते, ते तुला दिसत नाही.”

पुढे आयुष्यात माझ्या वाट्याला नवरा आला, सासर आलं, शाळेतल्या नोकरीतली राजकारणं आली, पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं. पण मला इतकं गप्प कुणी केलं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. आई उभी होती. मी परतले नाही म्हणून स्वतःच आली होती, पुन्हा गरम पोळ्यांसाठी मळायला घेतलेली कणीक हाताला तशीच. सुतक फिटल्यापासून तिने त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. तिने नळाशी उभे असलेले बाबा पाहिले, त्यांचे लाल डोळे पाहिले, माझं आणि रजनीचं तोंड पाहिलं. ती भांडायच्या तयारीने आली होती, हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. काकू टॉवेल घेऊन बाहेर आल्या आणि आईला बघून जागीच थबकल्या. मग त्यांनी ती चकती आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “वहिनी, बघा, काय करून गेलेत.” आणि झाकणाची सगळी हकीकत आईला सांगता सांगता त्याही रडायला लागल्या. आईने एका हाताने त्यांना धरलं, कणकेचा हात लांब ठेवून. थोड्या वेळाने तोही लांब राहिला नाही.

“विजू,” आई म्हणाली, “घरनं उसळ नि पोळ्या घेऊन ये. इथंच जेवू सगळे.”

जेवणं अंगणातच झाली. काकूंनी वर पोहे केले, शेव घालून, उज्जैनची. आईने ‘पोळीबरोबर पोहे?’ म्हणून भुवया चढवल्या आणि दोनदा मागून घेतले. जेवण झाल्यावर बाबांनी नव्या प्लेटा पातेल्यातून काढल्या, एक पोलादी, एक बुचाच्या तुकड्यांची, अशा एकाआड एक आत बसवल्या. जुन्या बाहेर पडल्या होत्या. त्यांची बुचं झिजून काळी, पापडासारखी गुळगुळीत झाली होती. स्प्रिंगा परत घालायला जोर लागत होता. रजनीचे अंगठे सकाळपासून दाबून दाबून सुजले होते. बाबा म्हणाले, “विजू, इकडे ये. दाबून धर. सोडायचं नाही.” मी धरलं. स्प्रिंगेचं टोक अंगठ्यात रुतत होतं, डोळ्यांत पाणी आलं, पण सोडलं नाही. बाबा शाब्बास म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. म्हणाले नाहीत. “पुढची,” एवढंच म्हणाले.

मिसरोदचा माणूस आला तेव्हा बाबा शेवटचा स्क्रू आवळत होते. जाड मिशांचा, पायजमा घातलेला भला माणूस. काकूंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, “भैया, ज़रा रुक जाइए, बच्ची एक चक्कर लगा के आती है।” रजनीने किक मारली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा गाडी सुरू झाली आणि निळा धूर जांभळीत शिरला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. “तू मागे बस.”

“मी? मी कशाला?”

“रिकामी गाडी कुणीही चढवेल. वजन पाहिजे मागे.”

असं मी वजन म्हणून गेले. अरेरा टेकडीचा चढ आला तशी रजनीची पाठ ताठ झालेली मला कळली. मी तिच्या कमरेला धरलं होतं, वडिलांच्या त्या शर्टाला. अर्ध्या चढावर तिने गिअर बदलला, मी डोळे मिटले आणि तो जुना आक्रोश ऐकू येण्याची वाट बघू लागले. आला नाही. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीने आम्हा दोघींना उचलल्यासारखं वर नेलं. माथ्यावर पोचल्यावर रजनीने गाडी थांबवली. खाली लांबवर तलाव चमकत होता. आम्ही उतरलो नाही. ती रडत होती की हसत होती मला मागून दिसत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. आमची मैत्री पुढे जन्मभर टिकली, पण एकमेकींवर जळणं थांबलं म्हणून टिकली असं मी म्हणणार नाही. दोघींना ते ठाऊक होतं, एवढंच. परवा ती कोटऱ्याला माझ्याकडे आली होती, काठी टेकत. तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. तेही मी पाहून घेतलं.

मिसरोदच्या माणसाला काकूंनी पुन्हा एक चहा देऊन परत पाठवलं. त्याने जाताना गाडीवरून हात फिरवला, “अच्छी चीज़ है, मत बेचना बिटिया,” म्हणाला. सोमवारी सकाळी भोंग्याच्या आधी रजनी त्या गाडीवरून कारखान्याच्या फाटकात शिरली आणि अख्खी पाळी बघायला थांबली, हे सगळ्या वसाहतीला माहीत आहे, त्यामुळे ते मी सांगत नाही. मला सांगायचं आहे ते त्या रविवारी संध्याकाळचं.

दिवे लागले होते. बाबा रॉकेलने हात पुसून व्हरांड्यात बसले होते, नेहमीसारखे गप्प. आई तांदूळ निवडत होती. मी आत कणीक मळत होते. आणि आई एकदम म्हणाली, “अहो, क्लच म्हणजे काय हो?”

लग्नाला वीसेक वर्षं झालेली, पण तिने त्यांना त्यांच्या कामातलं काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. बाबा उठले. मग आत आले, मांडणीवरून दोन ताटं घेतली आणि पुन्हा व्हरांड्यात गेले. मी दाराआडून बघत होते. त्यांनी आईसमोर पाट ओढून बसत एक ताट तिच्या हातात दिलं, एक स्वतः धरलं. “हे बघ, हे माझं ताट म्हणजे इंजिन. हे फिरतच असतं. तुझं म्हणजे चाक. आता तुझं माझ्यावर दाबून धर. अगं, जोरात धर. मी फिरवलं की तुझं फिरलं, बरोबर? आता सैल सोड…”

“म्हणजे मी सोडलं की तुम्ही एकटेच फिरणार,” आई म्हणाली.

“नुसता आवाज करत,” बाबा म्हणाले.

आई हसली. तिच्या मांडीवरच्या सुपातले तांदूळ सांडले. मग तिने विचारलं, ते तेल कशाला घालतात, आणि बुचंच का लावतात, आणि लघाटेभावजींनी पत्रे नेमके कुठे खुपसले होते, आणि बाबा सांगत राहिले, हातवारे करून, त्या दुसऱ्या अंगणातल्या आवाजात. मी कणकेचे हात घेऊन दारात उभी होते. त्या दोघांपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला आईचा असा हेवा वाटला, असा हेवा वाटला, की मी पुढे होऊन म्हणाले, “बाबा, मलाही नीट कळलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगा.”